मुरमाड वाटांसाठी परवडणारे फ्लॅट पायडल: अडीच हजारांत काय बघून घ्यावे?

सोमेश्वरवासी

मंडळी, माहिती हवी आहे. सायकल हार्डटेल एमटीबी (मागे शॉक नसलेली डोंगरी सायकल), २९ इंची चाके, पुढच्या शॉकला १०० मिमी ट्रॅव्हल, तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियम क्रँक (पायडल जिला बसतं ती दांडी). सायकलीसोबत आलेली प्लास्टिकची पायडलं बदलायची आहेत. वापर असा: नाशिकजवळच्या गंगापूर धरणामागचे कच्चे रस्ते, चांभार लेण्यांच्या पायथ्याचे मुरमाड उतार, पावसाळ्यात गिरणारे-त्र्यंबक बाजू. दगडगोट्यांच्या उतारावर पाय उडतो आणि चिखल लागला की चवडा सरळ सटकतो. बूट ८ नंबर, वजन ८० किलोच्या आसपास. बजेट २५००, ताणून ३०००. क्लिपलेस (बूट अडकवायची पायडलं) नको आहे.

ऑनलाइन सातशे-हजारात चकचकीत रंगाची ॲल्युमिनियम पायडलं दिसतात, "अल्ट्रालाइट, ३ बेअरिंग" असं लिहिलेली. तीच घ्यावीत, की नायलॉन? पिना (बुटाला पकडणारी वर आलेली टोकं) किती हव्यात? आणि घरच्या घरी बसवता येतात का?

म्हसरूळकर

दादा, आधी रंग, वजन, बेअरिंगचा आकडा हे सगळं बाजूला ठेवा आणि पायडल आडवं धरून बघा. पकड दोनच गोष्टी देतात: पिना आणि बॉडीचा आकार.

दुकानात असाल तर स्टीलची छोटी पट्टी न्या. पायडलच्या पुढच्या कडेवरून मागच्या कडेपर्यंत, मधल्या दांड्यावरून आडवी ठेवा. पट्टी पुढच्या-मागच्या पिनांच्या टोकांवर टेकली आणि मध्ये खाली मोकळी जागा राहिली, तर पायडल कामाचं. पट्टी मधल्या फुगवट्यावर टेकून डुगडुगली, तर ते तिथेच ठेवा. स्वस्त पायडलात दांड्याभोवतीची नळी जाड असते, कडा पातळ. अशा पायडलवर बूट मधल्या फुगवट्यावर बसतो आणि कडेच्या पिना तळव्यापर्यंत नीट पोचतच नाहीत. पिना बारा असोत की सोळा, उपयोग सारखाच. मध्यभाग कडांपेक्षा एक-दोन मिमी खोल असेल तर तळवा आत बसतो आणि उडायला मागत नाही.

पिनांचं म्हणाल तर एका बाजूला आठ ते दहा पुरतात, पण त्या स्टीलच्या, बदलता येणाऱ्या आणि बॉडीच्या वर निदान ४ मिमी आलेल्या हव्यात. बॉडीतच ओतलेले प्लास्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे दाते आपल्या काळ्या दगडावर दोन-चार वेळा घासले की गोल होतात, आणि गोल झालेला दाता बदलता येत नाही.

फार उंच पिनाही नकोत. ५ मिमीच्या वर गेल्या की बूट नुसता हलवून पाय सरकवता येत नाही, आधी उचलावा लागतो. आणि पाय चुकला तर नडगी फाटते. नवीन पायडलवर पहिले काही दिवस नडगीचं पॅड लावा, निदान उतारावर तरी.

पान्हा_पंधरा

वरच्या सगळ्याला +१. आता आतलं बघू.

दांडा, म्हणजे पेडल ज्यावर फिरतं तो, क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलचा हवा. वर्णनात क्रोमोली किंवा सीआर-एमओ लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा दांड्यावरही कोरलेलं असतं. काहीच लिहिलेलं नसेल तर साधं कार्बन स्टील धरून चाला. ते रोजच्या वापरात लगेच तुटेल असं नाही, पण ८० किलो वजन आणि उभं राहून घेतलेले ड्रॉप (उंचावरून खाली उड्या) यात वाकू शकतं. दांडा वाकला की पेडल प्रत्येक फेऱ्याला किंचित डोलतं आणि ते घोट्याला, गुडघ्याला जाणवतं. स्वस्तातल्या "टायटॅनियम" दांड्याच्या वाटेला जाऊ नका. चांगला टायटॅनियम दांडा एकटाच तुमच्या पूर्ण बजेटपेक्षा महाग असतो.

बेअरिंगचे तीन प्रकार भेटतील. पहिला सुटे छर्रे, कोन-कप पद्धतीचा. जुना, पण उघडून ग्रीस भरता येतो, घट्ट-सैल करता येतो आणि छर्रे कुठेही मिळतात. दुसरा सीलबंद कार्ट्रिज बेअरिंग, म्हणजे छर्रे आतच बंद असलेलं अख्खं कडं, खराब झालं की पूर्ण बदलायचं. तिसरा बुश, म्हणजे छर्रे नसलेली गुळगुळीत नळी. बरीच चांगली पातळ पेडलं क्रँककडे बुश आणि बाहेरच्या टोकाला कार्ट्रिज अशी जोडी वापरतात, कारण बुशला जागा कमी लागते आणि पेडल बारीक ठेवता येतं. बुश म्हणजे हलका माल असं नाही. फक्त बुशला ग्रीस वेळच्या वेळी लागतं. कोरडा पडला की चावू लागतो आणि पेडल खुळखुळायला लागतं.

"३ बेअरिंग" ही जाहिरात आहे. तीन अगदी छोटे बेअरिंग एका ओळीत बसवलेले असतात. सील पातळ असेल तर पावसाळ्यातला लाल गाळ तिन्हींत सारखाच शिरतो. संख्येपेक्षा दोन गोष्टी बघा: क्रँककडच्या बाजूला रबरी सील आहे का, आणि बाहेरच्या टोकाची टोपी उघडून आतला नट दिसतो का. टोपीच नसेल, बॉडी बंद दाबलेली असेल, तर ते पेडल खराब झालं की फेकायचं.

दुकानदार पेडल बोटाने गरकन फिरवून दाखवतात. त्याला भुलू नका. बराच वेळ फिरत राहणारं पेडल म्हणजे आत ग्रीस कमी किंवा सील सैल. चांगल्या सीलचं नवं पेडल एखादा फेरा घेऊन थांबतं, आणि एमटीबीवर तेच बरं: पाय उचलला तरी पेडल जागेवर राहतं, परत ठेवताना सापडतं.

रानवाट

नायलॉन की ॲल्युमिनियम, यावर माझं मत स्पष्ट आहे. तीन हजारांच्या आत नायलॉन घ्या. काच-तंतू मिसळलेल्या नायलॉनची चांगली बॉडी आणि क्रोमोली दांडा या किमतीत बसतो. त्याच पैशात ॲल्युमिनियम घेतलं तर कंपनीला दुसरीकडे कुठेतरी हात आखडावा लागतो, बहुधा दांड्यात आणि सीलमध्ये.

आपल्या भागातला दगड बेसाल्टचा, कडा धारदार. ॲल्युमिनियमची कड दगडावर आपटली की धातू उखडून धार येते, पुढच्या वेळी ती धार दगडात अडकते आणि सायकल झटका खाते. नायलॉन घासून पुढे सरकतं. शिवाय पावसाने चिंब झाल्यावर धुतलं की झालं, पांढरी भुकटी धरत नाही.

तोटाही सांगते. खूप जोरात, तेही कडेवर आपटलं तर नायलॉनचा तुकडा उडू शकतो. आणि बॉडीत थेट फिरवलेली पिन एकदा आटे खाऊन गेली की तिथे ती पुन्हा धरत नाही. म्हणून नायलॉन घेताना पिना उलट्या बाजूच्या नटात बसतात का, किंवा बॉडीत धातूचे आटे ओतले आहेत का, एवढं नक्की बघा.

बुटांबद्दल कुणी बोललं नाही. पळायचे बूट घालून उत्तम पायडलवरही पाय उडणारच. त्यांच्या तळाला खोल खाचा असतात. पिन खाचेत पडली की तिला रबर सापडत नाही, आणि जाड फोम दर दगडाला दबून उसळतो. सपाट, खाचा नसलेला, मऊ रबराचा, पण मधून सहज न दुमडणारा तळ हवा. स्केटिंगचे सपाट तळाचे बूट चालतात. फाइव्ह टेनचे फ्लॅट पायडलसाठीचेच बूट मिळतात, पण ते या बजेटच्या कितीतरी बाहेर आहेत. पायडलवर हजार वाचवून ते बुटात घातले तर पकड जास्त वाढेल.

मापाचं म्हणाल तर ८ नंबरला साधारण १०० बाय १०० मिमीचं पायडल ठीक. माझ्यासारख्या ५-६ नंबरवाल्यांनी त्याहून थोडं लहान घ्यावं. उगाच मोठं घेतलं तर ते दगडांना आधी भिडतं. जाडी १८ मिमीच्या आत असेल तर उत्तम.

अंबडचा_टर्नर

रानवाट ताई, तुमच्या मताशी बराचसा सहमत, पण ॲल्युमिनियमला सरसकट नाकारू नका. त्यातही प्रकार आहेत. साच्यात ओतलेली बॉडी ठिसूळ असते, कडेचा तुकडा पडतो आणि पिनांचे आटे लवकर जातात. एक्स्ट्रूड केलेल्या (साच्याच्या तोंडातून दाबून काढलेल्या) पट्टीतून सीएनसीवर, म्हणजे संगणकी मशीनवर कापलेली किंवा फोर्ज केलेली (ठोकून घडवलेली) बॉडी वाकते, पण सहसा तुटत नाही. ओळखायचं कसं? आतल्या कोपऱ्यांत बघा. कापलेल्या बॉडीवर हत्याराच्या बारीक समांतर रेषा दिसतात. ओतलेलीवर साच्याच्या जोडाची रेघ दिसते, पृष्ठभाग दाणेदार असतो आणि त्यावर जाड रंग मारलेला असतो. हजारातल्या चकचकीत पायडलांत ओतलेली बॉडीच जास्त भेटेल. तीन हजारांत ओतलेलं ॲल्युमिनियम आणि चांगलं नायलॉन यात निवड असेल तर मीही नायलॉनच सांगेन.

पिनांबद्दल थोडं खोलात सांगतो, कारण पुढचा सगळा त्रास तिथेच होतो.

सर्वात सोपी पिन म्हणजे ग्रब स्क्रू, डोकं नसलेला स्क्रू. ॲलन कीचं भोक वरच्या टोकालाच असतं, आणि तेच टोक दगडावर घासतं. भोक चपटं झालं, त्यात माती भरून दगड झाली, की पिन निघत नाही. दुसरी रचना खालून येणाऱ्या बोल्टची: डोकं उलट्या बाजूला बॉडीत लपलेलं, टोक वर. टोक कितीही झिजलं तरी मागून चावी लावून काढता येतं. दोन पायडलांत बाकी सगळं सारखं असेल तर ही रचना असलेलं घ्या, शंभर-दोनशे जास्त गेले तरी.

जादा पिना पाकिटात मिळत नसतील तर पायडलसोबतची एक पिन काढून सातपूर किंवा अंबडच्या फास्टनरच्या दुकानात न्या. बऱ्याच पायडलांत एम४ (४ मिमी आट्यांची) असते, पण मोजल्याशिवाय दहा पिना घेऊ नका. कडक केलेल्या स्टीलच्या मागा. स्टेनलेस गंजत नाही पण मऊ, टोक लवकर गोल होतं. ॲल्युमिनियम बॉडीत मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब लावा. नायलॉन बॉडीत थ्रेडलॉक लावू नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात.

आणि पिना सगळ्या एकाच उंचीवर ठेवायची सक्ती नाही. पुढच्या आणि मागच्या कडेच्या साडेचार-पाच मिमी, दांड्याजवळच्या दोन-अडीच. सपाट बॉडीलाही त्यामुळे खोलगटपणा येतो. उंची कमी करायची तर पिनेखाली पातळ वायसर टाका.

सोमेश्वरवासी

खूप उपयोगी माहिती, सर्वांचे आभार. हजारवाली चकचकीत पायडलं यादीतून काढली. आता नावं सांगाल का? आणि घरातल्या मुलाच्या छोट्या सायकललाही तशीच बसतील का?

म्हसरूळकर

मुलाच्या सायकलचं आधी. क्रँक एकाच वाकवलेल्या लोखंडी दांड्याचा असेल, म्हणजे डावी-उजवी दांडी आणि मधला ॲक्सल मिळून एक तुकडा, तर त्याचं भोक बहुधा १/२ इंची असतं. तुमच्या तीन तुकड्यांच्या क्रँकचं ९/१६ इंच, इंचाला २० आटे. एकाचं दुसऱ्यात बसत नाही. जबरदस्ती केली तर क्रँक जातो. मागवताना माप बघूनच मागवा.

नावं. रेस फेस चेस्टर हे नायलॉनमधलं मापदंड मानलं जातं: १०१ बाय ११० मिमी, क्रोमोली दांडा, एका बाजूला आठ बदलता येणाऱ्या पिना. पण ते तुमच्या बजेटच्या वर जातं, सवलतीत जवळपास आलं तर डोळे झाकून घ्या. वनअप कंपोझिटही त्याच वर्गातलं. क्रँकब्रदर्स स्टॅम्प १ लहान-मोठ्या दोन मापांत येतं, लहान पायाच्या लोकांनी लक्षात ठेवावं. शिमानो जीआर५०० ॲल्युमिनियमचं, कोन-कप बेअरिंगचं, दुरुस्तीला सोपं. डीएमआर व्ही६ नायलॉनचं आणि स्वस्त, पण दाते बॉडीतच ओतलेले, त्यामुळे शहरात ठीक, आपल्या उतारांवर नको.

तीन हजारांच्या आत रॉकब्रॉसची नायलॉन पायडलं, वेलगो आणि व्हीपी या तैवानी कंपन्यांची पायडलं आणि डेकॅथलॉनच्या दुकानात असतील ती. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत पिना आणि दांडा वेगळे असतात, म्हणून नावावर न जाता वर सांगितलेली पट्टीची तपासणी करा. डेकॅथलॉनचा फायदा हाच की वस्तू हातात घेऊन बघता येते.

चेस्टरसारख्या नामांकित पायडलची किंमत अचानक हजार-दीड हजार दिसली तर घेऊ नका. नक्कल असते, आणि नकलेत सर्वात आधी वाचवला जातो तो दांडा.

पान्हा_पंधरा

बसवण्याबद्दल राहिलं होतं. घरी सहज होतं. सायकल जमिनीवर उभी, साखळी पुढच्या मोठ्या चक्रीवर घ्या, म्हणजे हात घसरला तरी दाते लागणार नाहीत.

लागतं काय: १५ मिमीचा पातळ पेडल पान्हा, किंवा दांड्याच्या मागच्या टोकाला षटकोनी भोक असेल तर ६ किंवा ८ मिमीची लांब ॲलन की. काही पेडलांना पान्ह्याची जागाच नसते, फक्त मागून ॲलन की चालते. साधा जाड १५ चा पान्हा बऱ्याचदा पेडल आणि क्रँकच्या फटीत शिरत नाही.

उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. दांड्यावर आर आणि एल कोरलेलं असतं. डावी-उजवी लक्षात ठेवण्यापेक्षा एकच नियम धरा: पान्हा वर उभा धरून पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही बाजूंना पेडल आवळतं, मागच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही बाजूंना सुटतं. ॲलन की आतून लावलीत तरी हाच नियम.

क्रँकचं भोक जुन्या ब्रशने आणि कापडाने पुसा. दांड्याच्या आट्यांना ग्रीस लावा, साधं एपी-३ चालेल. ग्रीस टाळू नका: स्टीलचा दांडा आणि ॲल्युमिनियमचा क्रँक पावसाळ्यात एकमेकांना धरून बसतात, मग वर्षभराने निघत नाहीत. पहिले तीन-चार फेरे फक्त बोटांनी. बोटांनी जात नसेल तर आटे तिरके लागलेत किंवा बाजू चुकली आहे. काढा, पुन्हा सरळ लावा. पान्ह्याने ओढून सरळ होईल या आशेवर क्रँक घालवू नका. शेवटी ३५ ते ४० न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच (जोर मोजणारा पान्हा) नसेल तर साध्या लांबीच्या पान्ह्यावर एका हाताचा भक्कम जोर पुरतो. पहिल्या राइडनंतर पुन्हा एकदा आवळून बघा. सैल पेडल क्रँकचे आटे फार पटकन खातं, आणि सुरुवातीला फक्त कटकट आवाज येतो.

अंबडचा_टर्नर

क्रँकचे आटे गेलेच तर लगेच नवा क्रँक घेऊ नका. थोडे खराब असतील तर ९/१६ बाय २० चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ होतात. पूर्ण गेले असतील तर भोक मोठं करून आत आट्यांची स्टीलची बुश बसवता येते. डाव्या बाजूला डाव्या आट्यांचा टॅप लागतो. इतर जॉबला तो लागत नसल्याने प्रत्येक लेथवाल्याकडे नसतो, म्हणून क्रँक नेण्याआधी विचारून घ्या. चांगल्या सायकल दुकानात डाव्या-उजव्या टॅपची जोडी असते.

रानवाट

पावसाळ्याचं लिहिते. त्र्यंबक बाजूचा लाल गाळ वाळला की सिमेंट होतो, म्हणून राइडवरून आल्यावर ओला असतानाच साध्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरचा फवारा दांड्याच्या तोंडावर मारू नका. तो सीलच्या आत पाणी घालतो आणि ग्रीस बाहेर काढतो.

महिन्यातून एकदा क्रँक घट्ट धरून पायडल वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघा. किंचितही टकटक जाणवली तर उघडायची वेळ झाली. बाहेरची टोपी काढा, आतला नट बॉक्स पान्ह्याने सोडवा. काही पायडलांत एका बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी कंपनीची आकृती बघा. दांडा बाहेर ओढा, जुनं ग्रीस पुसा, बुशमध्ये आणि दांड्यावर पाण्याला टिकणारं ग्रीस भरा, नट लावा. नट इतकाच आवळा की खुळखुळ जाईल पण पायडल बोटाने फिरेल. बेअरिंग खरखरत असेल तर त्याच्या कडेवरचा नंबर वाचून बेअरिंगच्या दुकानात तोच मागा. उदाहरणार्थ ६८८ म्हणजे आतून ८, बाहेरून १६ मिमी. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलाच घ्या, नुसत्या पत्र्याच्या झाकणाचा आपल्या पावसात टिकत नाही.

आणखी एक. जुन्या पायडलांवर रिफ्लेक्टर असतात, या नव्यांवर बहुतेक नसतात. संध्याकाळी त्र्यंबक रस्त्याने परतणार असाल तर घोट्याला चमकणारी पट्टी बांधा. वरखाली हलणारा उजेड मागच्या गाडीवाल्याला लांबून कळतो.

सोमेश्वरवासी

ठरलं. खालून बोल्टच्या पिना आणि क्रोमोली दांडा असलेलं नायलॉन घेतोय, पट्टी लावून बघूनच. जुनं उजवं पायडल निघालं, डावं मात्र जागचं हलत नाही. पान्हा मागच्या चाकाकडेच ढकलतोय.

पान्हा_पंधरा

दिशा बरोबर आहे. दांडा आणि क्रँकच्या जोडावर गंज सोडवणारं तेल मारा, आतल्या बाजूनेही, आणि रात्रभर राहू द्या. सकाळी क्रँक पुढे आडवा ठेवा. पान्हा असा लावा की त्याची मूठ मागे येईल आणि क्रँकच्या किंचित वर, जवळजवळ समांतर राहील. आता एका हाताने क्रँक खालून धरा आणि दुसऱ्याने पान्हा खाली क्रँककडे दाबा. असं केलं की क्रँक मागे फिरत नाही, सगळा जोर आट्यांवर येतो. तरी नाही सुटलं तर क्रँकच्या टोकावर उकळतं पाणी ओता, पायाला जपून. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, पकड सैल होते. लगेच पान्ह्यावर फूटभर पाइप चढवून सावकाश, न झटकता जोर द्या. हातोडा नको. निघालं की नवं लावण्याआधी भोकातले आटे उजेडात बघा. चमकदार चुरा किंवा तुटलेली कड दिसली तर आधी टॅप.